दुधाचे चौतीस डबे

तिरंदाजी संघटनेला मानपत्राचा मजकूर हवाय.
एक पान, दुहेरी अंतर, शनिवारच्या आत.
मी बाह डोनबोक खारशिंग यांचा सव्वीस वर्षं टंकलेखक,
म्हणजे त्यांच्या सहीच्या वर जे जे असायचं
ते माझ्या बोटांतून गेलेलं.

तर आधी प्रांताधिकारी, मग पुरवठा,
मग दोन वर्षं मत्स्यव्यवसाय, तेही ऐन डोंगरावर.
मासे कुठायत, हे त्यांनी लेखी विचारलं होतं.
निवडणुकीत एका पेटीसाठी नऊ तास चालले.
त्या गावात मतं अठरा. त्यातली दोन बाद.

मग कर खातं. तीरच्या खिडक्यांचे परवाने.
परक्याला हे समजावून सांगावं लागतं:
शिलाँगला दुपारी तिरंदाज गवताच्या पेंढ्यावर बाण सोडतात,
रुतलेले बाण मोजतात,
शेवटचे दोन अंक ज्याच्या चिठ्ठीवर, तो जिंकला.
लोक रात्रीच्या स्वप्नावरून आकडा लावतात.
साहेबांना स्वप्नं पडत नसत.
ते कर लावत.

मंत्र्याच्या मेव्हण्याला खडीचा ठेका नाकारला
म्हणून क्रीडा खात्यात फेकले गेले.
गोदामात बारा कॅरमबोर्ड आणि घुशी.
"इथली पोरं चालायच्या आधी धनुष्य ओढतात,
आणि आपण सोंगट्या वाटतो?"
त्यांच्याच पडवीत संघटना निघाली, खुर्च्या चार.
कोरियाची धनुष्यं कस्टम्समध्ये अडकली पाच महिने.
आयुष्यभर लोकांना बाकावर बसवलेला माणूस
कोलकात्यात बाकावर बसला,
डबा घेऊन.

इथवर मानपत्रात चालेल.

माझं नोकरीचं पहिलं वर्ष. पिनुर्सलाच्या खाली दरड कोसळली.
शाळेत छावणी. दूध पावडर आली,
पण हुकूम असा, की त्या साली जन्मलेल्या बाळांपुरतीच,
नोंद दाखवून.
साहेबांनी बाळं मोजली. पंचवीस मांडीवर.
मग बायकांकडे पाहिलं आणि पुन्हा मोजली.
नऊ पोटात.
"चौतीस लिहा," म्हणाले.
"पोटातल्यांचा जन्म एकतीस डिसेंबर.
नावं मागाहून भरू."
मी कार्बन लावून टंकलं. त्यांनी न थांबता सही केली.
डबे चौतीस आले.

सतरा वर्षांनी निवड चाचणी.
इबानरी मारबानियांग, सत्तर मीटरवर
वाऱ्यालाही ऐकायला लावणारी पोर.
वयाची अट, एक जानेवारी किंवा नंतरचा जन्म.
तिचा दाखला, एकतीस डिसेंबर.
एका दिवसानं मोठी.
आई म्हणाली, फेब्रुवारीत झाली हो,
आलुबुखारला फुलं होती.
साहेब दाखल्याकडे बघत राहिले.
खालची सही त्यांचीच होती,
तरुणपणातली, शेवटचं अक्षर वर उडालेली.

मी दार लोटून विचारलं,
"बाह, फेब्रुवारी करू?"
"सहीवर सही करता येत नाही," म्हणाले,
आणि अपात्रतेचं पत्र सांगायला लागले.
मध्येच थांबले. पाणी मागितलं. प्यायले नाहीत.
त्याच रात्री स्वतःविरुद्ध एक अर्ज लिहिला,
हातानं, मला न सांगता:
खोटी नोंद मी केली, नऊ जणांची, ती दुरुस्त व्हावी.
उत्तर चौदा महिन्यांनी आलं.
मूळ वही वाळवीनं खाल्ली आहे,
सबब दुरुस्ती शक्य नाही.
तोवर पोर ज्युनियरमधून बाहेर पडली होती,
आणि धनुष्य दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं होतं.

आता निवृत्त साहेब रोज साडेतीनला
काठी टेकत पोलो ग्राउंडकडे उतरतात.
कोपऱ्यावरची खिडकी इबानरीची.
दहा रुपयांची एकच चिठ्ठी, रोज तोच आकडा:
शून्य एक.
ती चिठ्ठी फाडून देते, वर चुना लावलेलं क्वाई.
पैसे फक्त चिठ्ठीचे घेते.
वही आणि वाळवी तिला ठाऊक आहे का,
हे मी कधी विचारलं नाही.
दोघं बोलतात ते पावसाबद्दल, गुडघ्याबद्दल.

मानपत्र झालं. राज्यातील तिरंदाजीचे आधारस्तंभ वगैरे.
दुहेरी अंतर ठेवलंय.
सही घ्यायला गेलो तर साहेब मैदानावर,
कठड्याला टेकून, पंचांबरोबर ओठांतल्या ओठांत बाण मोजत.
आज सातशे सत्तेचाळीस.
त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली,
आणि माझं पेन मागितलं.