वगैरे

कुरेसारेच्या बंदरात जानेवारीत
समुद्र आहे की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही.
पांढऱ्यावर पांढरं.
हवामान कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर
हेल्दुर रांदोयाचं मशीन अजून गुरगुरतंय.
हेल्दुरला जाऊन सात आठवडे झाले.

टालिनहून पत्र आलंय:
मृत कर्मचाऱ्यांची खाती तीस तारखेपर्यंत पुसावीत.
लीलो पुसणारच होती.
त्याआधी एक किरकोळ काम.
वाऱ्याचा भोंगा अकराला वाजतो, नियमात आहे पंधरा.
बोटवाले कुरकुरतात, उगाच अडवता म्हणून.

ती मुळापासून उतरते.
एक तिरकी रेघ, मग ई, टी, सी.
ज्यांनी हे घर पहिल्यांदा आखलं
त्यांना उरल्यासुरल्यासाठी एक कप्पा हवा होता,
नाव दिलं इत्यादी.
मग तिथंच येऊन बसलं सगळं:
आत कोणी यायचं, कोणत्या दारानं,
घड्याळानं कोणाचं ऐकायचं,
यंत्रानं स्वतःचं नाव काय सांगायचं.
यादी लिहून थकल्यावर आपण शेवटी लिहितो ना, वगैरे,
त्या वगैरेवर अख्खं यंत्र उभं आहे.

फाईलमध्ये पंधराच आहे.
स्वच्छ, सरकारी पंधरा.
ती पंधरा पुसून पुन्हा पंधरा लिहिते,
सेवा थांबवते, सुरू करते.
बाहेर बारा मीटरचा वारा येतो
आणि भोंगा वाजतो.

मग युझर, त्यात लोकल, त्यात आणखी एक वगैरे,
हातानं आणून बसवलेल्या गोष्टींचं,
पाहुण्यांचे कप वेगळे ठेवावेत तसं.
रिकामं.
ऑप्टमध्ये धूळही नाही.
वारमध्ये नुसत्या नोंदी: काय झालं.
काय व्हावं, ते तिथं कोणी ठेवत नाही.

तेव्हा कुठं तिला आठवतं,
ही सेवा हेल्दुरच्याच नावानं चालते.
म्हणजे आधी वगैरेत डोकावते,
मग घरी जाते,
आणि घरी ऐकलेलं खरं धरते.

होम. हेल्दुर.
यादी मागितली तर घर मोकळं.
बोटीच्या विम्याचा एक कागद, एक फोटो.
लपलेलंही दाखव म्हटल्यावर
टिंबानं सुरू होणारी नावं पुढं येतात.
आपला अनुस्वार डोक्यावर बसून नाकातून बोलतो,
हे टिंब नावाच्या आधी, उंबऱ्यावर बसतं
आणि गप्प राहतं.
त्याच्या आड माणसाचं काय काय:
एडिटरचा रंग, जुन्या आज्ञांचा इतिहास,
कुठल्याशा अर्धवट टाकलेल्या पत्राची प्रत,
आणि टिंब कॉन्फिग. त्यात वारा.

मर्यादा बरोबर अकरा.
वर हॅशची खूण, जिच्यापुढचं यंत्र वाचत नाही:

पंधरा नको. पंधरावर भरवसा ठेवून एंडेलला जाऊ दिलं.
बर्फ नव्हता. नुसता वारा, चौदा.

थर्मासमधली कॉफी निवते.
शिकवलेलं असं की
आवडनिवड घरात, संस्थेचा निर्णय वगैरेत.
मग हे काय?
एका माणसाची खोड,
की बंदराचा कायदा, जो एकाच माणसाला ठाऊक होता?
तीस तारखेला घर गेलं असतं
आणि यंत्र निमूट पंधरावर आलं असतं,
कोणीही काहीही न बदलता.

ती खाली धक्क्यावर फोन लावते.
व्हिर्वे, एंडेल कोण?
पलीकडे थोडा वेळ नुसती दोरखंडांची करकर.
त्याचा धाकटा भाऊ. का गं?
काही नाही, एक आकडा हलवायचाय.

टालिनच्या फॉर्मवर कारणाचा रकाना आहे.
ती लिहिते, स्थानिक परिस्थिती.
आणखी काही लिहायला जाते, आणि राहू देते.

वगैरेत पंधराच्या जागी अकरा.
हॅशपुढची दोन्ही वाक्यं तशीच उचललेली,
त्याच्या स्पेलिंगच्या चुकीसकट.
खाली तिची एक:
हेल्दुरच्या घरून आणलं.

मग ती घर पुसायला घेते.
यंत्र विचारतं, नक्की?
ती हो दाबते.
वारा साडेअकरा. भोंगा.