बाहेर न आलेला केस

सतरा नंबरची डबी इनारीहून आली,
रात्रीच्या बसने, डाकेच्या पिशव्यांना टेकून.
आत वाटाण्याएवढा खडा.
पातं लागलं तसा कुरकुरला,
घासात वाळू यावी तसा.
राइया म्हणाली, "हा आधी आम्लात भिजू दे, सुरी बोथट होईल."

कागदावर: आयलू, वय नऊ. डावी भुवई.
आणि खाली, रकान्याबाहेर, पेन्सिलीने, बापाचं अक्षर:
मागच्या हिवाळ्यात कुंपणात रेनडिअरचं शिंग निसटतं लागलं होतं.
दोर मीच दिला होता त्याच्या हाती.
एरवी केसालाही धक्का लागू देत नाही मी.
त्यानेच झालं ना हे?

दुसऱ्या दिवशी काच दिव्याखाली.
कडेला निळी दाटी: मुळातल्या पेशी,
ज्या रोज मरत मरत वर सरकतात
आणि आपण त्यांचा भांग पाडतो.
मध्ये मात्र सगळं गुलाबी, ओसाड.
पेशीपेशीत एक मोकळी जागा,
तसबीर उतरवल्यावर भिंतीवर उरते तशी.
सावल्या म्हणतात त्यांना.
आम्हीसुद्धा, अहवालात, गंभीरपणे.

मुळाशी एक निरोप येत असतो: वाढ.
वाचून झाला की फाडायचा, हा पेशीचा शिरस्ता.
कुठेतरी एकीच्या पोथीत एक अक्षर फिरलं
आणि निरोप फाटेनासा झाला.
वाढ. वाढ.
ती काही वाईट वागली नाही.
केसच करायला बसली होती.
फक्त वर जायची वाट तिला कुणी आखून दिली नाही,
म्हणून जागच्या जागी केस होत राहिली, केसाशिवाय,
आणि मेलेल्यांवर चुना साचत गेला.

"सौम्य. पूर्ण काढलेली." एवढं लिहून सही करायची असते.
शिंगाचा रकाना नाही आमच्याकडे.
जुनी पुस्तकं कधीमधी माराचा उल्लेख करतात,
ठामपणे कुणीच नाही.
मला ते माहीत होतं,
तरी पेन्सिल शोधली,
त्याच्याच ओळीखाली लिहिलं:
शिंगाने नाही. दोरानेही नाही.

राइयाने वाचलं, काही बोलली नाही.
दुपारचे तीन, ओउलूत अंधार पडलेला.
खालून बर्फ खरवडणारं यंत्र गेलं,
रस्ता मोकळा करत,
सगळं कडेला लोटत.