फुली

दर रविवारी त्रिमूर्तीनगरला जाते,
भाचा क्षितिज डबीला वायफाय पाजतो.
डबी म्हणजे काडेपेटीहून जराशी मोठी,
एका कोपऱ्यात टवका उडालेली.
आठवड्याची शिदोरी भरून घेते ती,
मग सोमवार ते शनिवार
टॉवर नको, रिचार्ज नको, कुणी नको.

स्टेशनं पाच. नावं मीच दिलेली:
'पायी', 'जिना', 'सावलीतली', 'घरी जाताना',
आणि एक नुसतंच 'शैलू'.

माझं काम मीटर वाचायचं.
महाल, गोळीबार चौक, टिमकी,
जिन्याखालचे अंधार, चपलांचे ढीग,
"ताई, मागच्या महिन्यात एवढं कसं आलं हो?"
मी एका कानातलं काढते, म्हणते, कूलर.
मे महिन्यात दुसरं उत्तर नसतं.

डबीला बदाम आहे आणि फुली आहे.
बदाम दाबला की तसलंच आणखी शोधून आणते.
फुली दाबली की ते गाणं गेलं,
कायमचं.
ती विचारत नाही, नक्की ना,
विचारत नाही, आत्ता रागात आहेस का.
नुसतं पुढे ढकलायचं तर तासाला सहा वेळा मुभा,
सातव्यांदा दाबलं तर ढिम्म हलत नाही,
येईल ते ऐकायचं.
हा नियम आधी कुणी सांगितला असता मला.

शैला गजभिये आणि मी एकाच वायरवर चालायचो,
डावा कान तिचा, उजवा माझा,
वायर ताणू नये म्हणून पावलं जुळवत.
एक गाणं लागलं की ती थांबायचीच,
कुणाच्याही ओट्यावर टेकायची,
"संपू दे नं हे. मीटर काय पळून जाऊन राहिलं का?"

मग काँग्रेसनगरच्या ऑफिसातली एक खुर्ची रिकामी झाली.
अर्ज दोन गेले, ऑर्डर एकीची निघाली.
तिनं पेढा पुढे केला,
मी म्हटलं, माझा उपास आहे.
उपास नव्हता.
त्याच दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत,
डोळे सोडून सगळा दुपट्टा गुंडाळलेला,
एक कान लोंबत होता रिकामा,
आणि गोळीबार चौकात तेच लागलं.
अंगठा किती हलका असतो.

डबीनं शब्द पाळला. तीन उन्हाळे झाले.
'शैलू'वर आजूबाजूचं सगळं वाजतं,
तोच गळा, तेच साल, तसलीच बासरी,
त्या गाण्याचे सगळे शेजारी येऊन जातात,
त्याच्या दाराला तेवढं कुलूप.
मला नाव आठवत नाही.
चाल अर्धी आठवते, गुणगुणायला गेलं
की भलत्याच गाण्यात घसरते.
क्षितिजला विचारलं, फुल्यांची यादी निघते का रे?
म्हणाला, मावशी, ती डबीत दिसत नाही.
सगळं पुसून नव्यानं सुरू करता येईल फक्त.
नव्यानं म्हणजे बदामही जाणार.
मी म्हटलं, राहू दे. चहा ठेव.
(शैलूचा नंबर आहे माझ्याकडे.
तो काही पुसलेला नाही.)

काल टिमकीत, परात्यांकडे,
जिन्याखाली टॉर्च धरून लिहीत होते
चार, सात, शून्य,
वर कुणीतरी बादलीनं कूलर भरत होतं,
ओल्या ताट्यांचा वास, पंपाची घरघर
आणि एक म्हातारा आवाज, बेसूर,
शब्दांच्या जागी नुसतं हं-हं,
पण वळण घेतलं त्यानं, अगदी तिथंच,
जिथं ती ओट्यावर टेकायची.

मी दुसराही कान मोकळा केला.
शेवटचा आकडा तीन की आठ, टॉर्च हलत होता.
विचारता आलं असतं, काका, कोणतं हो हे?
बादली संपली. आवाज थांबला.
वरून परात्यांनी विचारलं, "झालं का रीडिंग?"
"नाही अजून," मी म्हटलं, "भरा तुम्ही,
अजून एक बादली बसेल त्यात."