मानेची जाडी

नैताळ्याच्या इंदुबाई बोरगुडेंची चाळ
माझ्या वहीत सप्टेंबरातच नापास झाली.
छत्तीस टक्के घट.
बांबूच्या चाळींत चोवीस, जाळीच्या चाळींत एकवीस,
आणि पत्र्याच्या यांच्या एकटीच्या गटात छत्तीस.
फोनवर सांगूनही टाकलं मी.
सरासरी सांगायला काय लागतं,
बेरीज आणि भागाकार.

मग ऑक्टोबरात, निफाडच्या भाड्याच्या खोलीत,
एका रात्री तो राहिलेला रकाना जोडला,
व्हर्नियरने मोजलेला:
चाळीत जाताना कांद्याची मान किती जाड.
इंदुबाईंचा उन्हाळ कांदा उशिरा निघालेला,
मजूर दुसरीकडे गुंतलेले,
पात पुरती वाळली नव्हती,
माना करंगळीएवढ्या.

एक ओळ टाइप केली. एंटर.
सॉफ्टवेअरने तिन्ही तऱ्हेच्या चाळींत
एकाच मानेचा कांदा भरला,
साडेनऊ मिलिमीटर, ना कमी ना जास्त,
कुठल्याच वावरात न उगवलेला,
आणि म्हणालं, आता बोला.

सव्वीस. पंचवीस. अठ्ठावीस.
मग एकेकीला दुसरीसमोर उभं केलं;
तीन लढती, म्हणून पुराव्याची अट जरा कडक.
कुणीच कुणाला हरवलं नाही.
शेवटच्या रकान्यात
तिघींपुढे एकच अक्षर.

सकाळी स्कूटर काढली.
"सगळ्यांचा कांदा सारखा वाळलेला असता," मी म्हणाले,
"तर तुमची चाळ वाईट नाही ठरत."
इंदुबाई पोत्यावर बसून सडका कांदा निवडत होत्या.
वर न बघताच म्हणाल्या,
"आत्याबाईला मिशा असत्या तर. तसलंच ना हे?"

तसलंच.
अगदी तसलंच, चूक संभवसह.
बांधावर छत्तीस टक्के पडले होते,
चिलटं घोंघावत होती,
त्यांना कुणी समायोजित केलं नव्हतं.

तेव्हा दिसलं, चाळीची पश्चिमेची बाजू उघडी.
"तुमचा फोन आला ना,
त्याच्या दुसऱ्या दिवशी काढले," त्याच म्हणाल्या.
मी काही बोलले नाही.
पत्रे बाभळीला टेकवून ठेवलेले,
प्रत्येकावर खडूने आकडा, एक ते चौदा.

"हे कशाला?"
"परत लावायचे झाले
तर कुठला कुठं ते कळायला."
हात पदराला पुसून त्या उठल्या.
एक नंबरचं एक टोक त्यांनी धरलं
आणि माझ्याकडे बघत राहिल्या.