मधला रकाना

उद्या दहाला इन्स्पेक्टर येणार.
मोनॅहनमधल्या या शेडच्या तीन वर्षांच्या वह्या
टेबलावर काढून ठेवल्यात,
बाबांच्या चहाच्या डागांसकट.

आल्याची वेळ आहे. गेल्याची आहे.
मधला रकाना कोरा.
साडेचार तासांनी पंधरा मिनिटं, सहा तासांनी अर्धा तास,
कायदा मला पाठ आहे.
बाबा म्हणायचे, अळंबीला कुठे कायदा वाचता येतो?
ती एका रात्रीत दुप्पट होते,
रविवार असो की नाताळ.

सही आता माझी चालते.
हातात निळं पेन.
दीड-दोन तासांत भरून होईल सगळं:
साडेदहा ते पावणेअकरा,
साडेदहा ते पावणेअकरा,
अकरा जणी, तीन वर्षं,
कुणाच्या बापाला कळणार आहे?

पहिल्या ओळीत नाव डाइवाचं.
ती ट्रॉलीच्या तिसऱ्या फळीवर उभी असते,
डाव्या हातात सफरचंद,
उजव्या हाताने खुडणं चालूच.
मार्चमध्ये मी खालून ओरडले होते,
अगं, जरा बसून खा.
तिने वळून पाहिलं, अगदी साधेपणाने विचारलं,
कुठे?

पेनाला टोपण लावलं.

घरात जेवणाच्या सहा खुर्च्या.
माणसं आता दोनच.
चार व्हॅनमध्ये चढवल्या, रात्री पावणेबाराला,
नवरा खिडकीतून बघत होता, बोलला नाही.

दंड किती होईल, ठाऊक नाही.
चार खुर्च्या आणि अकरा जणी,
हा हिशोबही जुळत नाहीच.
तूर्त एक फडकं शोधतेय:
अंगणातल्या चिखलाने खुर्च्यांचे पाय भरलेत,
आणि शेडमध्ये बाहेरची माती आणायची नाही,
हा नियम आम्ही पहिल्यापासून
काटेकोर पाळत आलोय.