बोगद्यातून नको

व्लोरा सोडलं तेव्हा फळवाल्यांच्या ताडपत्र्या
अजून सोडलेल्या नव्हत्या.
गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
कुणा जर्मन दंतवैद्याने वापरून काढलेली मर्सिडीज.
मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं,
म्हणून आई त्या बाजूला बसत नाही.
पुढे बाबा. मांडीवर कलिंगड.
डिकीत ठेवू म्हटलं, तर म्हणाले, गडगडेल.

फाट्यावर पाटी आली, नव्या बोगद्याची.
डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत पार.
"बोगद्यातून नको," बाबा म्हणाले,
"अंधार पुष्कळ बघून झालाय."
मी गिअर बदलला आणि लोगाराचा घाट धरला.

वाऱ्याने एका कुशीवर निजवलेले पाइन,
चारही काचा खाली, राळेचा वास थेट डोक्यात.
वळणावर एक बाई मध विकत होती.
आईने घासाघीस केली, जिंकली,
आणि वरचे सुटे तुलाच ठेव म्हणाली.

मग माथा.
मग एक वळण, आणि
समुद्र असा एकदम अंगावर आला
की माझा पाय ब्रेकवरच आहे ना
हे मला खाली वाकून बघावं लागलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग बाबांनी बोट दाखवलं:
"ते काँक्रीटचं, पालथ्या टोपल्यासारखं, दिसतंय?
त्यात मी दोन हिवाळे काढले. वीस वर्षांचा होतो.
समोर वीतभर फट. तेवढाच समुद्र.
शत्रू यायचा होता त्यातून."
"आला?"
"एकदा डॉल्फिन आले. तीन.
नोंदवहीत लिहावं की नाही कळेना.
नाही लिहिलं."
"आणि पाणी असंच निळं होतं?"
"निळं?" ते कलिंगडावर बोटं वाजवत राहिले.
"मी बोटी मोजत होतो गं."

उतार सुरू झाला. काय उतार!
एका वळणाला समुद्र माझ्या खिडकीत, पुढच्याला त्यांच्या,
भावाभावांत वाटणी चालावी तसा,
आणि वाटणी काही केल्या जमत नाही.
अडुसष्ट वर्षांचा स्केंदर, माझा बाप,
हात बाहेर काढून पंजा वाऱ्यावर वरखाली करतोय,
विमान, मासा, विमान,
आणि मागून आई: "हात आत! स्केंदर, हात आत!"

पालासाजवळ शेळ्यांनी रस्ता अडवला.
धनगर फोनवर कुणाशी तरी भांडत होता,
भांडण संपेपर्यंत आम्हीही थांबलो, शेळ्याही.

धर्मीला बॉनेटवर कलिंगड कापलं.
इंजिन इतकं तापलेलं
की रस पडला तिथे चर्र झालं,
आणि आम्ही तिघं हसत सुटलो, कशाला कोण जाणे.
पुढे हिमारा होतं, बोर्श होतं,
सारांड्याला मावशी माशांना मीठ लावून बसली होती.

बाबांनी हनुवटी पुसली.
"मिर्येता, परत वर जायचं?
आणि पुन्हा खाली यायचं?"
आई म्हणाली, "पेट्रोल काय तुझा बाप देणार?"
त्यांनी वरच्या खिशातून
चार घड्यांची पेन्शनची नोट काढली.

दुसऱ्यांदा उतरताना आई पुढे बसली.
बाबा मागे, त्या न उघडणाऱ्या दाराशी,
काच मात्र पूर्ण खाली.
टोपल्याचं वळण आलं तेव्हा ते ओरडले,
"ते बघ, डॉल्फिन! तीन!"
मला नुसतं ऊन दिसलं पाण्यावर.
आईने कपाळावर हात धरला, नीट बघितलं.
"चार," ती म्हणाली.