तेरा साते

खल्फान म्हणतो, कागदावरचा नंबर कधी लावायचा नाही.
चोराला विचारून चोराचा पत्ता मिळत नाही.
विद्यापीठ आपण शोधायचं, परीक्षा विभाग आपण शोधायचा,
आसन क्रमांक, वर्ष, उमेदवाराच्या सहीची संमती पाठवायची
आणि मग वाट बघायची.
सोहारमध्ये वाट बघायला जागा भरपूर आहे.
खिडकीतून बंदर दिसतं,
उन्हात माना वर करून उभ्या असलेल्या क्रेन दिसतात.

तोडणकरांच्या फायलीत डिप्लोमा होता. मेकॅनिकल, पहिला वर्ग.
कागद जाड, जरा जास्तच जाड,
लग्नपत्रिकेला घेतात तसा.
शिक्क्यात युनिव्हर्सिटीचा एक आय गळलेला.
कुलसचिवांची सही तीन गुणपत्रिकांवर, तीन वेगळ्या वर्षांत,
आणि केसाचाही फरक नाही.
माझी सकाळची सही संध्याकाळी जुळत नाही.

नियमाप्रमाणे मी खऱ्या विद्यापीठाला लिहिलं.
मग एका रिकाम्या सकाळी, नियम मोडून,
कागदावरचा नंबर लावला.

इथे साडेदहा, तिथे बारा.
"युनिव्हर्सिटी, एक्झाम सेक्शन," बाई म्हणाली,
आवाज स्वच्छ, सवयीचा,
आणि तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली.
मी क्रमांक सांगितला. ती म्हणाली, होल्ड.
फोनवर हात ठेवला असावा, पण बोटांत फट राहिली.
एक पोरगा पाढा म्हणत होता,
तेरा साते ब्याण्णव, तेरा आठे
"थांब. तेरा साते किती?"
ब्याण्णव.
"परत."
एक्याण्णव.
"हां. आता पुढे."
मग मला म्हणाली, येस मॅडम, व्हेरिफाइड, फर्स्ट क्लास.

त्या विद्यापीठात
तेवढी एकच परीक्षा झाली असेल.

एकोणीस दिवसांनी खरं पत्र आलं:
सदर आसन क्रमांक या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.
आढळून येत नाही.
सरकारी मराठी किती हलक्या हाताने
माणसाला दाराबाहेर ठेवते.

तोडणकर आले. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती.
पाटीवरच्या आडनावावरून त्यांनी मला ओळखलं,
पण गाव विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.
म्हणाले, पंचाहत्तर हजार दिले, मॅडम. एजंट म्हणाला, सगळेच घेतात.
मग म्हणाले, काम मात्र येतं मला.
आणि तिथेच, काउंटरसमोर उभं राहून,
तर्जनी वर, हात गोल: उचल.
तळवा खाली: सावकाश.
मूठ: तिथेच धर.
मूठ बराच वेळ तशीच राहिली.
बाहेरची क्रेन त्यांचं ऐकत नव्हती.

पण अर्ज खुणा करणाऱ्याचा नव्हता.
अर्ज होता आराखड्यावर सही करणाऱ्याचा,
किती टन, किती अंतरावर,
वारा किती असला तर आज नाहीच.
बावीस टनांचा नळ ज्याच्या डोक्यावरून जातो
तो सही वाचत नाही. वरही बघत नाही.
सावलीत बसून डबा उघडतो.

फॉर्मवर तीन चौकोन:
जुळते, जुळत नाही, उत्तर आले नाही.
तिसऱ्यावर माझं पेन थोडं रेंगाळलं.
हे खल्फानला सांगितलेलं नाही.
खूण दुसऱ्यात केली.
शेऱ्यात लिहिलं, हाताच्या खुणा अचूक,
रिगरच्या चाचणीला बोलवावे.
शेरे कोण वाचतं
ते मला चार वर्षांत कळलेलं नाही.

संध्याकाळी तो नंबर परत लावला. कशाला, कोण जाणे.
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
म्हणजे विद्यापीठ दुसऱ्या सिमकार्डात राहायला गेलं.
पोरगा एव्हाना चौदावर आला असेल.
चौदा साते.
थांब.
परत.